परटाच्या भट्टीपासून वाफेच्या इस्त्रीपर्यंत

किल्ले, तह आणि लढाया यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. चूल, जाते, सुई, इस्त्री यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक, पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे दिवस कशात गेले हे समजून घ्यावयाचे तर याच वस्तूंकडे पाहावे लागते. आज बाजारात पाण्याची वेगळी टाकी असलेली मोठी वाफेची इस्त्री आली आहे. दुकानात तिला 'स्टीम जनरेटर' म्हणतात. ती घरी घ्यावी काय, हा प्रश्न दुकानदाराला विचारण्यापूर्वी थोडा इतिहासालाही विचारावा, म्हणून हा लेख.

'इस्त्री' हा शब्द आपला मूळचा नव्हे. 'ताणणे' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून तो आला, असे मानतात. पगार, घमेले, बिजागरी हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. याचा अर्थ आपल्याकडे त्यापूर्वी कापड नीटनेटके करीत नसत असा नव्हे. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. घरोघरचे कपडे तो नेई, खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवी, खडकावर आपटून धुई आणि सुगीला आपले बलुते म्हणून धान्य घेई. या श्रमात परटिणीचा वाटा बरोबरीचा असे. उंची कापडाची घडी लाकडी मोगरीने कुटून ते गुळगुळीत करीत. त्याला 'कुंदी' म्हणत. घरी मात्र कपडे घडी घालून गादीखाली ठेवणे, किंवा तांब्यात निखारे घालून त्याचे बूड कापडावरून फिरविणे, एवढेच चाले.

आपले नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे विणकरांचे आणि पलटणींचे शहर. नगरच्या व संगमनेरच्या मागांवर लुगडी विणली जात. १८०३ साली वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, १८१७ नंतर येथे इंग्रजी अंमल पक्का झाला आणि भिंगारजवळ छावणी वसली. १९४८ मध्ये चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही येथे आले. फौजी गणवेश म्हटला की खळ आणि कडक घडी आलीच. हे काम करणारी कोळशाची इस्त्री बिडाची किंवा पितळेची असे. मूठ लाकडी, पोटात लोणारी कोळशाचे निखारे आणि बाजूंना हवेसाठी भोके. तिचे वजन चार-पाच किलो किंवा त्याहूनही अधिक. कापड सपाट होई ते या वजनाने, आणि हे वजन उचले माणसाचा खांदा. ठिणगी उडून नवे कापड जळण्याची धास्ती होती ती निराळीच.

विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये घेतले. पण घरात वीज नसेल तर विजेची इस्त्री काय कामाची? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी हळूहळू तारा पोहोचल्या. त्याच सुमारास टेरिलीनचे कापड आले. ते जास्त तापलेल्या इस्त्रीने वितळे. म्हणून उष्णता आपोआप आवरणारी इस्त्री हवीशी झाली. इस्त्रीच्या चकतीवरील एक, दोन व तीन ठिपके हेच सांगतात: कृत्रिम धाग्यास सुमारे ११०, रेशीम व लोकरीस १५०, आणि सुतीस २०० अंश.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोळशाची इस्त्री बहुधा परटाच्या हाती होती. विजेची इस्त्री गृहिणीच्या हाती आली. यंत्र हलके झाले, परंतु काम घराबाहेरून घरात आले. पूर्वी सणासुदीच्याच कपड्यांना लागणारी इस्त्री आता रोजच्या गणवेशाला लागू लागली. इस्त्री बदलताना कामाचे ओझे कोणाकडून कोणाकडे गेले, हा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही. तो आता तरी मांडावा.

आता वाफेचे पाहू. सुती धाग्यातील बंध ओलावा आणि उष्णता मिळाली की सैल होतात व वाळताना सरळ स्थितीत पक्के होतात. कपड्यावर पाणी शिंपडून, गुंडाळी करून ठेवण्यामागचे शास्त्र हेच. घरगुती वाफेची इस्त्री अमेरिकेत १९२६ मध्ये विक्रीस आली. तिच्या पोटातच पाणी असते, म्हणून ते थोडे. मोठ्या इस्त्रीत एक-दोन लिटर पाणी खालच्या टाकीत राहते आणि वाफ नळीतून हातातल्या इस्त्रीत येते. ही रचना शिवण-कारखान्यांतून घराकडे आली. सुरकुती काढण्याचे बरेचसे काम वजनाऐवजी वाफ करते. त्यामुळे जाड सुती साडी, खादीचा सदरा, चादर यांवर हात पुन्हा पुन्हा दाबावा लागत नाही. मनगट आणि खांदा दुखणाऱ्या भगिनींना हा लाभ लहान नव्हे.

घेण्यापूर्वी मात्र चार गोष्टी पाहाव्यात. पहिली वीज. साधी १००० वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपियर वीज घेते. २४०० वॅटची ही मोठी इस्त्री दहा अँपियरच्या वर. तिला सोळा अँपियरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवेच. जुन्या वायरिंगवर किंवा जोडतारेवर ती लावू नये. आय.एस.आय. चिन्हही पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट पाणी. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी विहिरीचे व बोअरचे पाणी जड आहे. त्याचा पांढरा थर आत बसला की वाफेबरोबर कपड्यावर डाग पडतात. म्हणून क्षार काढून टाकण्याची सोपी सोय असलेलीच इस्त्री निवडावी. तिसरी गोष्ट जाहिरातीतील आकडे. 'बार' हा आकडा पुष्कळदा पंपाच्या दाबाचा असतो. त्यापेक्षा मिनिटाला सतत किती ग्रॅम वाफ मिळते हे विचारावे. बंद बॉयलरची इस्त्री असल्यास पाणी संपल्यावर ती निवेपर्यंत थांबावे लागते, हेही विचारून घ्यावे. चौथी गोष्ट जागा. तिला जाळीचे, कमरेच्या उंचीचे टेबल हवे. खाटेवरील घोंगडीत वाफ कोंडते.

पैठणीसारख्या जरीच्या वस्त्रावर वाफ सोडू नये. वर सुती फडके घालून, उलट्या बाजूने, कोरडी इस्त्री मंद करावी.

आठवड्याला आठ-दहाच कपडे असतील तर साधी इस्त्री पुरते. एकदम तीस-चाळीस सुती कपडे काढणाऱ्या मोठ्या कुटुंबास, किंवा शिवणकामावर चार पैसे मिळविणाऱ्या भगिनीस ही इस्त्री उपयोगी पडेल. कारण शिवण उघडून दाबण्यास वाफेसारखे साधन नाही. ज्यांना कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे देणे परवडते त्यांनी अवश्य द्यावेत. त्यात कमीपणा नाही, आणि एका घराची चूल त्यावर पेटते.

इस्त्री कोणतीही आणा. मात्र ती आली म्हणून घरातील सर्वांचे कपडे एकाच बाईच्या टेबलावर येऊन पडणार असतील तर ती सोय नव्हे. आता मूठ हलकी आहे आणि निखाऱ्याची भीती नाही. मुलांनी आणि पुरुषांनी आपापला सदरा स्वतः इस्त्री करावा, ही शिस्त इस्त्रीबरोबरच घरात आणावी.