येरवड्याचा चरखा आणि उघडी आज्ञावली

येरवड्यात आज काचेच्या उंच इमारतींमध्ये सॉफ्टवेअरची कामे चालतात. तिथून मध्यवर्ती कारागृह फारसे दूर नाही. १९३० च्या मे महिन्यापासून गांधीजी या तुरुंगात होते आणि एका यंत्रावर प्रयोग करीत होते. पुढे पेटीत घडी करून नेता येणारा दोन चक्रांचा चरखा देशभर गेला, त्याला नावच ‘येरवडा चक्र’ असे पडले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. किंमत १५० रुपयांहून जास्त नको. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे. यंत्र वीस वर्षे चालावे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत भागावी. संशोधकाने हवे तर पेटंट घ्यावे, पण बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाच्या स्वाधीन करावेत. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र घेताना किमतीइतकाच दुरुस्तीचा आणि रचनेच्या हक्काचा विचार करायचा असतो, हे त्या अटी लिहिणाऱ्यांना नीट कळले होते.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न पन्नास वर्षांनी उभा राहिला. माणूस लिहितो ती मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड. तिचे रूपांतर यंत्राला कळणाऱ्या अंकांत होते आणि गिऱ्हाइकाला बहुधा हे दुसरे रूपच मिळते. तयार चकली खाऊन भाजणीचे प्रमाण सांगता येत नाही, तसेच हे. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत छपाईयंत्राचा कागद वारंवार अडके. आज्ञावलीत थोडी भर घालून त्यावर तोड काढता आली असती, पण सोर्स कोड मिळेना. त्या अनुभवाने चिडलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलींचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले.

मराठी माणसाला या प्रश्नाचा चटका बसला तो अक्षरांच्या बाबतीत. संगणकात अक्षर नसतेच, असतो अंक. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा, हे १९८८ च्या इस्की संकेताने आणि १९९१ च्या भारतीय मानकाने ठरवून दिले होते. पण छपाईच्या धंद्यात जी पॅकेजे खपली त्यांत प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा. ‘क’ च्या जागी एकाकडे एक अंक, दुसऱ्याकडे दुसरा. अनेक पॅकेजांबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक कुलूपही येई. ते हरवले की काम ठप्प. माझ्याकडे त्या काळातल्या काही फ्लॉपी आहेत. त्यांतले लेख मीच लिहिलेले, पण आज उघडले तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. तरीही न्यायाने सांगायचे तर याच कंपन्यांनी सुबक टंक घडवले, छापखान्यांतल्या माणसांना शिकवले आणि मराठी वर्तमानपत्रे संगणकावर आणली. ते काम तेव्हा दुसरे कोण करणार होते?

१९९१ मध्येच युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या, त्याही इस्कीच्या क्रमाने. पण नुसता संकेत पुरत नाही, त्याप्रमाणे जोडाक्षरे घडवणारा टंकही लागतो. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ आला. लिनक्ससाठी रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ मालिका खुल्या परवान्याखाली दिली. गंमत अशी, की लोहितचे मूळ टंक ‘श्रीलिपी’ हे व्यापारी पॅकेज विकणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते. एकाच कारागिराचा माल दोन्ही दुकानांत!

मग धंद्याने काय घ्यावे? खुले म्हणजे फुकट, हा समज आधी काढून टाकावा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ घ्या. हिशेब, साठा, विक्री सांभाळणाऱ्या या आज्ञावलीचा सोर्स कोड कोणालाही मिळतो. कंपनी पैसे घेते ते ती चालवून देण्याचे आणि मदतीचे. स्वतःकडे जाणता माणूस असेल तर हा खर्च वाचतो. नसेल तर जीएसटीचा नियम बदलल्यावर नवी आवृत्ती पाठवणारी व्यापारी कंपनी छोट्या दुकानदाराला स्वस्त पडू शकते.

दोन्ही बाजूंची दुखणी २०१४ च्या एप्रिलमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी चव्हाट्यावर आली. ७ तारखेला ओपनएसएसएल या खुल्या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता या आज्ञावलीवर अवलंबून होती. दोष दोन वर्षे सर्वांसमोर उघडा पडून होता, पण वाचणारा कोण? तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. दुरुस्ती मात्र त्याच दिवशी निघाली आणि ती कोणालाही घेता आली. दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, मायक्रोसॉफ्टने २००१ मधल्या विंडोज एक्सपीचा सर्वसाधारण आधार थांबवला. ती वापरणारे तेव्हाही जगभर कोट्यवधी होते, पण सोर्स कोड हाती नसल्याने त्यांना ती आपली आपण सांभाळणे शक्य नव्हते.

माझे मत विचाराल तर आज्ञावली कोणतीही घ्या, पण माहिती अशा रूपात ठेवा की ती दुसऱ्या आज्ञावलीत उघडेल. शाळेचे निकालपत्रक, दुकानाची खातेवही, दोन्हींना हे लागू आहे. वर्गात एक प्रयोग करता येईल. युनिकोडमध्ये ‘कि’ टंकित करा आणि मागे खोडण्याची कळ एकदाच दाबा. पडद्यावर डावीकडे दिसणारी वेलांटी बहुतेक संगणकांवर आधी पुसली जाते आणि ‘क’ शिल्लक राहतो. जुन्या पॅकेजांत वेलांटी सहसा डोळ्यांना दिसते तशी आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती बोलण्याच्या क्रमाने ‘क’ नंतर साठवली जाते. जुन्या फाइली नव्या संकेतात आणताना अंक बदलून भागत नाही, प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवावी लागते, ती याचसाठी.