चिनी मातीवरील कुलचिन्हे

महागुरुस्वामींच्या परिपत्रकाच्या शिरोभागी ढालीच्या आकाराची एक मुद्रा असते, ती आपल्या परिचयाची आहे. युरोपात ही चाल फार जुनी. तेथील सरदार घराणी आपले कुलचिन्ह ढालीवर, पत्रावर आणि वाड्याच्या दारावर मिरवीत. पुढे ते जेवणाच्या ताटावरही आले. मात्र ते ताट घडत असे दूर चीनमध्ये. अस्सल चिनी मातीची भांडी करण्याचा कारखाना युरोपात, जर्मनीतील माइसेन येथे, निघाला तो १७१० साली.

पोर्तुगीज १५१३ मध्ये चीनच्या किनाऱ्यास लागले आणि थोड्याच वर्षांत जिंगदेझेनच्या भट्ट्यांतून त्यांच्या राजचिन्हाची भांडी निघू लागली. गिऱ्हाइकाने नमुना धाडावा आणि कारागिराने तो निळ्या रंगात उतरवावा, अशी ही रीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकातील अशी एक झारी आहे. तिच्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह चक्क उलटे रंगविलेले आहे! त्या ढालीचे वर कोणते आणि खाली कोणते, हे त्या कारागिरास कोणी सांगितले असणार?

या व्यापाराचा एक धागा आपल्या नगरशी जुळतो. चौल हे निजामशाहीचे बंदर. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये तेथे ठाणे उभारले. त्याच ठाण्याला १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने वेढा घातला. चौलच्या उत्खननात चिनी मातीची खापरे मिळाली आहेत. कुलचिन्हांचा माल हा या मोठ्या व्यापारातील मूठभर, पण मानाचा भाग होता.

धर्मसंघांनीही अशी भांडी घडवून घेतली. येशूसंघाच्या नाममुद्रेची चिनी भांडी प्रसिद्ध आहेत. दुतोंडी गरुड आणि बाणांनी विंधलेले हृदय असलेली भांडी संत ऑगस्टिनच्या संघासाठी केली, असे अभ्यासक मानतात. हा संघ १५७२ मध्ये गोव्यात आला. जुन्या गोव्यातील त्याच्या मंदिराचा भग्न मनोरा आजही उभा आहे. पुढे एका भारतीयालाही हा मान लाभला. चीनच्या व्यापारात संपत्ती मिळविणारे मुंबईचे दानशूर सर जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये ‘सर’ झाले. त्यांच्या कुलचिन्हाची चिनी भांडीही घडली.

या ताटांवरून जाणकार मालकाचे घराणे ओळखतात, कधी कधी लग्नाचे सालही काढतात. परंतु ज्याने माती मळली, चाक फिरविले, भट्टीची आच सोसली, त्याचे नाव त्यांवर नाही. म्हणूनच ती उलटी ढाल मोलाची वाटते. इतर भांड्यांवर फक्त धनी दिसतो. तेथे मात्र, न समजलेले चिन्ह मन लावून रेखाटणारा एक श्रमिक क्षणभर आपल्यासमोर येतो. किनाऱ्यावरील किल्ल्यांत एखादे निळे-पांढरे खापर दिसले, तर ते खिशात न घालता जागीच राहू द्यावे. त्या कष्टकऱ्यांची तेवढीच खूण मागे उरली आहे.