सोडून जाण्याची मुभा : प्लेगची मुंबई आणि टाळेबंदी

मुंबईत सात रस्त्याजवळ महापालिकेचे कस्तुरबा रुग्णालय आहे. मार्च २०२०मध्ये शहरातले पहिले कोरोना रुग्ण आणि संशयित तिथेच दाखल झाले, पहिल्या चाचण्याही तिथेच झाल्या. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर त्याचे फाटक दिवसभर दिसत असे. एकशे चोवीस वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस, याच रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले होते. तेव्हा त्याचे नाव आर्थर रोड रुग्णालय. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांचे तेल काढतात, अशी बोलवा गिरणगावात पसरली होती. अफवेमागे भीती होती आणि भीतीमागे एक साधे कारण होते : घरातला कमावता माणूस पोलीस आणि डॉक्टर न विचारता उचलून नेत होते.

मी गेली काही वर्षे मुंबईच्या कामगारवस्त्यांचा इतिहास अभ्यासते आहे. टाळेबंदीत ग्रंथालये, अभिलेखागारे बंद झाली. हाताशी राहिली ती पूर्वी उतरवून घेतलेली टिपणे आणि संगणकावर साठवलेले जुने अहवाल. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी ते पुन्हा वाचले. या वेळी माझे लक्ष मृत्यूंच्या कोष्टकांपेक्षा वेगळ्या गोष्टींकडे गेले. साथीत रोजचे काम कसे चालले? पगार कोणी, कधी, किती दिला? कचरा कोणी उचलला? कोण गेले, कोण राहिले? हे प्रश्न एरवी अहवालाच्या कडेला असतात. २०२०मध्ये ते खिडकीबाहेरच उभे होते.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. ऑक्टोबरमध्ये महापालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा हुकूम काढला. घरे धुणे, चुना फासणे, छपराची कौले काढून आत ऊन सोडणे, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवणे असे उपाय सुरू झाले. २०२०च्या मार्चमध्ये आपल्याकडे विलगीकरणातल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, तेव्हा मला ती आद्याक्षरे आठवली. तेव्हा घरावर खूण होती, आता अंगावर.

मुंबईने यावर जे केले ते सरळ होते. मुंबई पळाली. १८९१च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७पर्यंत त्यातली जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली होती, असा अंदाज आहे. श्रीमंत आपापल्या बंगल्यांत आणि गुजरातेतल्या गावी गेले, कामगार बोटीने रत्नागिरीकडे आणि रेल्वेने घाटावर. कल्याणसारख्या स्थानकांवर उतारूंना उतरवून डॉक्टर तपासत. संशयिताला तिथेच अडकवत, बाकीचे पुढे जात. म्हणजे वाट तपासली जात होती, पण ती बंद नव्हती. हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेच काही त्यावर उभे आहे.

स्नो यांच्या अहवालात एका जमातीबद्दल सतत धास्ती दिसते. ते म्हणजे हलालखोर. घरोघरचे शौचकूप साफ करणाऱ्या, मैला वाहून नेणाऱ्या कामगारांना महापालिकेच्या दप्तरात हा शब्द होता. त्यातले बहुतेक गुजरात-काठियावाडकडून आलेले दलित. हे लोक घाबरून गावी गेले तर काय, हा प्रश्न आयुक्तांना प्लेगइतकाच मोठा वाटत होता. मुंबईत त्या काळी मैला माणसाच्या हातानेच उचलला जाई. चार दिवस तो उचलला गेला नाही तर शहर राहण्याजोगे राहिले नसते. ऑक्टोबर संपता संपता सक्तीच्या विलगीकरणाचा हुकूम सौम्य करण्यात आला. रुग्णालयावरचा हल्ला हे त्याचे एक कारण. हलालखोर निघून जातील ही भीती हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक वजनदार. ज्यांना शहर आपल्या सावलीजवळ येऊ देत नव्हते, त्यांच्या पाय काढण्याच्या नुसत्या शक्यतेने साम्राज्याच्या अधिकाऱ्याला हुकूम मागे घ्यावा लागला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग मी शोधला. रँड आणि चापेकर पानोपानी भेटतात, हलालखोर भेटत नाहीत.

गिरण्यांतली गोष्ट याहून रंजक आहे. साथीपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत सत्तर हजारांच्या वर कामगार होते. पगार महिन्याचा, आणि तोही महिना उलटल्यावर कित्येक दिवसांनी हाती पडे. मधल्या काळात कामगार वाण्याच्या आणि सावकाराच्या वहीत अडकलेला असे. काम सोडायचे म्हणजे मागे राहिलेल्या पगारावर पाणी सोडायचे. मालकाच्या हाती ही चांगली वेसण होती. १८९७च्या सुरुवातीला कामगार पगाराची वाट न पाहता निघून गेले आणि गिरण्यांपुढे माणसांचा दुष्काळ पडला. जे मागे राहिले त्यांनी एकच मागणी केली : आजच्या कामाचे पैसे आज. उद्या आपण असू की नाही याची खात्री नसताना महिन्याचा हिशेब कोण मान्य करील? मालकांना रोजचा पगार द्यावा लागला. वर बक्षिसेही द्यावी लागली. एका गिरणीचे लोक दुसरीने फोडायचे, रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांचा जणू लिलाव चालायचा, अशी वर्णने सापडतात. मालकांच्या संघाने आपसात ठरवून हे थांबवण्याचे प्रयत्न केले, पण गरज इतकी नडीची होती की कोणी कोणाचे ऐकेना. साथ ओसरल्यावर महिन्याचा पगार परत आला हेही सांगितले पाहिजे. पण काही काळ तरी, मरणाच्या दारात उभा असलेला साचेवाला आपल्या अटीवर काम करत होता.

मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत तपासणी पथकावरून दंगल उसळली. त्यानंतर गोदीतले कामगार आणि बैलगाडीवाले कामावरून उठले, बंदर ठप्प झाले. सरकारने यानंतर जबरदस्ती हळूहळू सोडली.

पुण्याची कथा वाचकांच्या परिचयाची आहे, म्हणून ती मी लांबवत नाही. रँडच्या समितीखाली गोऱ्या सोजिरांनी १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात घरोघर झडत्या घेतल्या. ज्यांना शक्य होते ते पुढारी आणि सुखवस्तू लोक शहर सोडून गेले, आणि टिळकांनी त्यांना ‘केसरी’तून खडसावले, ते स्वतः थांबले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उभारण्यात पडले. झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला, हडपसरजवळ पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. या दोन नावांमध्ये पुण्यातल्या राहिलेल्यांची दोन टोके दिसतात. मधल्या अनामिकांची नोंद स्वारगेटच्या विलगीकरण छावणीच्या आकड्यांत आहे, तीही फक्त आकड्यांत.

खेड्यांनी मात्र या रोगाशी जमवून घेण्याची स्वतःची रीत काढली, आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते. उंदीर पडू लागले की गाव सोडायचे. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत मांडले तेव्हा शास्त्रज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही. मुंबईतल्या संशोधनाने ते पक्के व्हायला आणखी जवळपास दहा वर्षे गेली. गावकऱ्यांना पिसू ठाऊक नव्हती, पण घरात मेलेला उंदीर दिसला की त्यामागोमाग माणूस जातो एवढे दोन-तीन वर्षांतच पाठ झाले होते. मग सगळा गाव वेशीबाहेर, माळावर. कुडाच्या भिंती, वर ताटांचे किंवा गवताचे छप्पर. चुली, जाती, गुरे, लग्नाच्या मुलीची पेटी, सगळे बरोबर. ओस गावात चोरीची धास्ती, म्हणून आळीपाळीने राखण. शाळा बंद, नाहीतर झाडाखाली. शेतीचे काम मात्र थांबत नसे. उलट शेत जवळच असे. दोन-तीन महिने, कधी अधिक, असे काढून गाव परत घरी येई. पुढल्या वर्षी पुन्हा. आमच्या आईच्या माहेरी, सातारा भागात, म्हाताऱ्या माणसांचे वय ‘पहिल्या प्लेगच्या आदल्या साली’ किंवा ‘खोपीत जन्मलेला’ असे मोजले जाई. लहानपणी मला खोप म्हणजे काहीतरी खेळातले घर वाटे.

सरकारनेही पुढे हेच धोरण स्वीकारले : सक्तीची झडती नको, गाव मोकळे करा, लस टोचून घ्या. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचली होती. लस घेणाऱ्याला दाखला मिळे आणि तो दाखवला की विलगीकरणातून सूट. ऑगस्ट २०२१मध्ये दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा स्थानकाबाहेरच्या रांगेत प्रमाणपत्राचा कागद घडी करून धरलेली माणसे पाहून, या रांगेचे पूर्वज कोण ते मला माहीत होते.

आता २०२०. कायदा तोच होता : ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा, जो प्लेगसाठी घाईने संमत झाला, तो महाराष्ट्राने मार्च २०२०मध्ये लागू केला. रीत मात्र उलटी होती. १८९७मध्ये गाड्या चालू होत्या आणि माणसे तपासली जात होती. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लोकलच थांबली, २५ पासून देश थांबला. आमच्यासारख्यांचे काम घरात आले. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत सकाळी आठच्या गाडीची धावपळ संपली आणि प्रत्येक घरातून बैठकांचे आवाज येऊ लागले. घरकामाला येणाऱ्या मावशींना सोसायटीच्या फाटकात अडवले गेले. काही घरांनी पगार चालू ठेवला, काहींनी दुसऱ्या महिन्यापासून फोन उचलणे बंद केले. ज्यांचे काम घरात आणता येत नव्हते त्यांचे काम एकतर ‘अत्यावश्यक’ ठरले नाहीतर संपले.

इथे १८९७शी तुलना टोचते. तेव्हा मालकाचे यंत्र चालू होते आणि कामगार जात होता, म्हणून त्याच्या जाण्याला किंमत होती. २०२०मध्ये यंत्र सरकारी हुकुमानेच बंद झाले. कामगार गेला काय, राहिला काय, मालकाचे त्या दिवशी काही अडत नव्हते. टाळेबंदीच्या काळातला पगार पूर्ण द्यावा असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला आणि मेच्या मध्यात तो उठवला. श्रमिक गाड्या १ मेला सुरू झाल्या, तोवर पाच आठवडे उलटले होते. त्यानंतरही गाडीत जागा मिळणे नशिबावर होते. ८ मेच्या पहाटे जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली आले. त्यांच्या जुन्या भावंडांना कल्याणला डॉक्टराने नाडी पाहून पुढे जाऊ दिले असते.

जूननंतर कारखाने, बांधकामे उघडली तेव्हा हिशेब थोडा फिरला. ठेकेदार तिकिटे काढून, आगाऊ रक्कम पाठवून माणसे परत बोलावू लागले. कोपऱ्यावरच्या लिलावाची ती अस्पष्ट सावली होती. मात्र अभ्यासकाने तिला फार मोठे करू नये. आगाऊ रक्कम ही बहुधा उचल असते, आणि उचलीची वेसण महिन्याच्या थकलेल्या पगारासारखीच काम करते.

कोकणातला अनुभव वेगळा. २०२०च्या गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना दहा दिवसांचे विलगीकरण सांगितले गेले. त्याआधी कित्येक गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले होते. ज्या मुंबईकराच्या मनीऑर्डरीवर गाव शतकभर जगले, त्याला शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवले गेले. मला त्यात गावाचा दोष दिसत नाही. १८९७मध्येही मुंबईची बोट धक्क्याला लागली की गावात अशीच चुळबुळ झाली असणार.

प्लेगने मुंबईला एक कायमची गोष्ट दिली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचे, खोल्यांत उजेड-वारा आणायचा हा त्याचा हेतू. दोन इमारतींमध्ये किती अंतर सोडावे म्हणजे खोलीत उजेड येईल, याचा अंशांतला नियम ट्रस्टने केला होता. पाडली त्या मानाने घरे बांधली कमी, त्यामुळे हुसकलेले लोक शेजारच्या चाळींत दाटीवाटीने राहिले. जी बांधली त्या बीआयटी चाळी. परळच्या पोयबावडीतल्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२च्या सुमारास राहायला आले आणि दादरच्या राजगृहात जाईपर्यंत राहिले. त्यांच्याकडे शेजारच्या दोन खोल्या होत्या, ५० आणि ५१. एक संसाराला, एक वाचन-लेखनाला. घरात बसून काम करण्याची ती सोय त्या चाळीत फार थोड्यांच्या वाट्याला होती. बीआयटीच्या कित्येक चाळी अजून उभ्या आहेत. एप्रिल २०२०मध्ये तिथल्या एकेका खोलीत पाच-सहा माणसे होती आणि घरातल्या बाधिताने वेगळ्या खोलीत राहावे अशी सूचना भिंतीवर चिकटवलेली होती.