पांढऱ्या कागदाखालचे नाव

२०२२ हे वामनदादा कर्डकांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा; म्हणजे आम्हा नाशिककरांच्या अंगणातलाच. त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या पोरांनी एक लहानसे प्रदर्शन मांडायचे ठरवले होते. वह्या, फोटो, कार्यक्रमांची पत्रके असे जे जमेल ते गोळा होत होते. एका बुधवारी दोघे धापा टाकत घरी आले. गोदाघाटावरच्या बाजारात जुन्या भंगारवाल्याकडे त्यांना एक तबकडी दिसली होती. बाजारात विकली गेलेली नव्हे, त्याआधीची. पांढरे कोरे लेबल आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलेले : 'टेस्ट. वामन कर्डक. १९५६, दीक्षेपूर्वी.' भंगारवाला पंधरा हजार मागत होता. पोरांनी वर्गणीतले पाचशे रुपये इसार देऊन ती दोन दिवसांसाठी आणली होती.

मी खोटे कशाला बोलू? ती तबकडी हातात घेतली तेव्हा माझाही हात थरथरला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीचा दादांचा आवाज! जुना प्लेअर काढला, सुई ठेवली, खरखरीतून एक भीमगीत उमटले आणि मला तो आवाज दादांचाच वाटला. वाटायचाच. ज्यांच्याकडे पुरावे कमी असतात त्यांना पुराव्याची भूक फार असते. त्या भुकेपोटी आपण काय गिळतो ते आपल्यालाही कळत नाही.

टेस्ट प्रेसिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. गाणे पूर्वी मेणाच्या आणि नंतर अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर कोरले जाई. तिच्यावर विजेच्या साह्याने धातू चढवून साचा तयार करीत, आणि साच्यावरून साचा घेत अखेर दाबयंत्रात बसणारा साचा तयार होई. हजारो प्रती काढण्याआधी त्यातून थोड्याच प्रती दाबून पाहात. आवाज फाटतो का, खरखर आहे का, गायकाला पसंत आहे का, एवढ्यासाठी. या प्रतींना छापील लेबल नसे. कोरा पांढरा कागद, त्यावर हाताने किंवा टंकयंत्राने नाव-नंबर. प्रती थोड्या, म्हणून आज किंमत मोठी. आणि कोऱ्या कागदावर कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून लबाडीही मोठी.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामगार होते. ज्या गावात नोटा आणि टपाल तिकिटे छापली जातात, तिथल्या कामगाराच्या घरात कागद उजेडाकडे धरून पाहायची खोड असतेच. मी पहिल्यांदा लेबलाची कड पाहिली. कारखान्यात तबकडी दाबली जाते तेव्हाच लेबलही यंत्रात असते. उष्णतेने आणि दाबाने ते अंगात शिरते, त्याला डिंक-खळ लागत नाही. बोट फिरवले तर कड लागत नाही. इथे कड लागत होती. एका ठिकाणी कागद किंचित सुटला होता आणि खालून दुसरा रंग डोकावत होता.

लेबलावर एका दुकानाचा रबरी शिक्काही होता. शेवटी 'नाशिक ४२२००१'. पिनकोड देशात आला १५ ऑगस्ट १९७२ ला. पोरे म्हणाली, "सर, शिक्का नंतर मारला असेल." शंका रास्त होती. म्हणून भिंगाखाली पाहिले. '१९५६' मधल्या सहाची शेपटी शिक्क्याच्या रेघेवरून गेली होती. निळी शाई वर होती, शिक्क्याची जांभळी खाली. म्हणजे शिक्का आधी, साल नंतर. शिवाय तबकडी हलकी, वाकणारी, सात इंची व्हिनाइलची. १९५६ साली आपल्याकडच्या बाजारात राज्य होते ते ७८ फेऱ्यांच्या, हातातून पडली की काचेसारख्या फुटणाऱ्या शेलॅक तबकडीचे. ही गोष्ट एकटी पुरेशी नव्हे, पण बाकीच्यांच्या रांगेत उभी केली की बोलते.

(शेलॅक म्हणजे लाख. छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून आदिवासींनी खरवडलेली. जगभरच्या उस्तादांचे आवाज त्या लाखेवर टिकले. खरवडणाऱ्यांची नावे कुठल्या लेबलावर आली नाहीत.)

पोरांपैकी एक जण चिडला. "सर, तुम्ही आपल्याच माणसाला कोर्टात उभं करताय. यांच्या उस्तादांच्या रेकॉर्डी शंभर. आपलं एक असलं तर कुणाचं काय बिघडतं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिंदुस्थानातल्या पहिल्या व्यापारी ध्वनिमुद्रणांपैकी गौहरजानची १९०२ ची. कलकत्त्याच्या सियालदहला तबकड्या दाबण्याचा कारखाना १९०८ ला सुरू झाला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्या कारखान्याला बावीस वर्षे झाली होती. याच जिल्ह्यातून भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला आणि गावोगावच्या महारवाड्यांत बाबासाहेबांचा विचार पोहोचवू लागला. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावते जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. जलसा चालायचा रात्रभर. आणि तबकडी कंपनी काढते ती ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे त्याच्यासाठी. आमच्या घरी तेव्हा कंदील नव्हता. तेव्हा रिकामी जागा खरी आहे. पण रिकामी जागा आपण चिकटवलेल्या कागदाने भरली, तर उद्या आपली खरी वहीही कोणी खोटी म्हणेल, आणि आपल्याला तोंड उरणार नाही.

हे मी म्हटले खरे, पण त्या रागावलेल्या पोराला ते पटले नाही. पटवले ते त्याच्या आजीने. तबकडी पुन्हा लागली तेव्हा म्हातारी निरोप सांगायला म्हणून आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. "अरं, हा वामनदादा कुठला? ह्यो आपल्या वरच्या आळीतला गायनपार्टीवाला. माझ्या थोरलीच्या लग्नात रातभर गायला. त्याला 'ळ' म्हणताच येत न्हवतं, आइक." आम्ही ऐकले. खरेच, 'ळ' येई तिथे 'ल' येत होता. इतका वेळ आम्ही तिघे शिकलेले बसलो होतो; एकाच्याही कानाला ते लागले नव्हते.

तरी आठवण म्हणजे निकाल नव्हे. लग्नाच्या रात्रीची तर नव्हेच. मग भंगारवाल्याला फोन करून त्याची परवानगी घेतली आणि कापसाचा ओला बोळा पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवला. कागद भिजला की पारदर्शक होतो. दोन मिनिटांत खालची छापील अक्षरे वर आली. आधी नंबर. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या नंबराशी तो ताडून पाहिला. तोच. म्हणजे खालचे लेबल याच तबकडीचे. मग गायकाचे नाव. आजीने सांगितले तेच. त्याखाली बारीक टायपात हार्मोनियमवाल्याचे आणि ढोलकीवाल्याचेही.

ती टेस्ट नव्हती, १९५६ ची नव्हती, दादांची नव्हती. आपल्याच एका माणसाने कधीतरी गाऊन दाबून घेतलेली साधी, विकाऊ रेकॉर्ड होती. दादांना मोठे करायला म्हणून, किंवा नुसत्या पैशासाठी, कोणीतरी तीन माणसांच्या नावावर कागद चिकटवला होता. दादांना त्याची गरज नव्हती. ज्याचे गाणे न शिकलेल्या बायकांच्या ओठांवर आहे, त्याला पांढऱ्या लेबलाची काय मातब्बरी? गरज होती ती त्या तिघांना. त्यांच्याजवळ छापील म्हणावे असे ते एवढेच असेल.

भंगारवाल्याला खरी गोष्ट सांगितली. तो आधी गुरकावला; शेवटी म्हणाला, इसार दिलाय तेवढ्यातच घेऊन जा. चिकटवणारा तोच की त्याच्याही आधीचा कोणी, हे मी विचारले नाही.

प्रदर्शनात ती ठेवायची का, यावर दोन संध्याकाळी वाद झाला. पांढरा कागद पूर्ण काढावा असे पोरांचे म्हणणे. अर्धा ठेवावा असे माझे, म्हणजे कागदही दिसेल आणि नावही. माझे चालले. गायक हयात नाही. त्याचे नाव इथे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच्या लेकीला अजून विचारलेले नाही; ती भगूरला दिली आहे असे आजी म्हणते. त्या रागावलेल्या पोराने पत्ता शोधायचे आपणहून अंगावर घेतले आहे. जाताना तबकडी न्यायची की नुसते ध्वनिमुद्रण, एवढेच ठरायचे आहे. त्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायला यंत्र असेल असे वाटत नाही.