हातावरच्या निळ्या शिरा आणि एक जुनी पट्टी

गेल्या महिन्यात हेदवीहून एक आजी आल्या होत्या. दशभुजा गणपतीच्या पायऱ्या चढताना पाय भरून येतात ही तक्रार. पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. "डॉक्टर, शिरा बघा किती निळ्या झाल्यात. रक्त नासलं असेल, जळवा लावू का?"

जळवांची कल्पना आजींची नव्हे, फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि शीर टोचून रक्त काढण्यावरही. त्यात शिरा ७०० सांगितल्या आहेत, त्यांचे मूळ नाभी. शाळेच्या पुस्तकातले 'रोहिणी' आणि 'नीला' हे शब्द तिथेही भेटतात, पण अर्थ निराळा: रोहिणी रक्त वाहणारी, नीला पित्त वाहणारी. म्हणजे निळ्या रंगाचे कोडे तेव्हाही पडलेले होतेच. मात्र बालक, वृद्ध, अशक्त आणि गर्भवती यांची शीर टोचू नये, असेही सुश्रुत बजावतो. आजींना मी एवढेच वाचून दाखवले.

टोचण्याआधी अवयवाला कापड बांधून शीर वर उठवायची, ही सुश्रुताची रीत. आज रक्त तपासायला गेलात की दंडाला रबरी पट्टी बांधतात, तीच ही. गंमत अशी, की याच पट्टीने पुढे सारे शरीरशास्त्र फिरवले. इटलीतल्या पादुआच्या फॅब्रिशियसने १६०३ मध्ये शिरांमधल्या झडपांची चित्रे छापली, पण त्यांचे काम रक्ताचा वेग कमी करण्याचे आहे असे त्याला वाटले. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे. त्याने १६२८ च्या पुस्तकात पट्टी बांधलेल्या हाताची चित्रे देऊन दाखवले, की झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात.

तुम्हीही करून पाहा. हात थोडा वेळ खाली लोंबकळत सोडा. फुगलेल्या शिरेवर मनगटाकडच्या बाजूला एक बोट दाबा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने सारा. मधली झडप धड असेल तर शीर रिकामीच राहते. मनगटाकडचे बोट उचला, लगेच भरते.

आता रंगाचे. रक्त निळे कधीच नसते. शिरेतले रक्त काळपट लाल असते. लाल प्रकाश कातडीत खोल शिरतो आणि तिथले रक्त तो शोषून घेते. निळा प्रकाश वरच्यावरच परततो. १९९६ मध्ये संशोधकांनी मोजून पाहिले, तर शिरेवरून लाल प्रकाश परततो, पण आजूबाजूच्या कातडीपेक्षा कमी. म्हणून डोळा त्याला निळे म्हणतो. गोरी किंवा वयाने पातळ झालेली कातडी, कमी चरबी, उन्हाळा, व्यायाम, गरोदरपण, या सगळ्यांत शिरा जास्त दिसतात. तो आजार नव्हे.

आजींच्या हाताचे तसेच होते. पायाचे मात्र नाही. पोटरीवर दोरीसारख्या वळलेल्या गाठी होत्या आणि घोट्याच्या आत कातडी काळवंडलेली. तिथल्या झडपा सैल पडल्या होत्या, रक्त खाली साचत होते. आयुष्यभर लावणीच्या चिखलात उभे राहिलेले पाय! फॅब्रिशियस आणि हार्वेच्या झडपा त्यांच्या पोटरीत अशा भेटल्या. अशा काळ्या कातडीवर साधे खरचटले तरी जखम महिनोन् महिने भरत नाही, आणि जळवेचा चावाही जखमच.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, बसलेले असताना मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, किंवा पोट मोठे होऊन त्यावर शिरा उठल्या, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. फुगलेल्या शिरेतून रक्त आले तर आडवे व्हा, पाय वर उचला, स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

आजींच्या पायातला रक्तपुरवठा तपासला, सोनोग्राफीला पाठवले आणि घट्ट मोजे लिहून दिले. सकाळी उठण्याआधीच घालायचे, असे सांगितले. "गणपतीला अनवाणी जायचं असतं, मोजे चालतील ना?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. चालतील म्हटले.