मोजे वर ओढणारा माणूस

मी नऊ वर्षांचा होतो. कोल्हापुरात जून-जुलै म्हणजे पाऊस, आणि दर चार वर्षांनी एकदा वर्ल्ड कप. आमच्या गल्लीत निम्मी घरं ब्राझीलची, निम्मी अर्जेंटिनाची. १ जुलै २००६ ला मॅच जर्मनीत होती, फ्रँकफुर्टला. आपल्याकडे ती रात्री साडेबाराला सुरू झाली. थोरल्या काकांच्या घरी टीव्हीसमोर पंधरा-वीस माणसं आणि मांडीवर मांडी टाकून मी.

५७ व्या मिनिटाला झिदानने डावीकडून फ्री किक घेतली. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या पोस्टकडे गेला. तिथे थिएरी ऑन्री एकटा होता. त्याने बॉल खाली पडू दिला नाही, थेट जाळ्यात मारला. फ्रान्स १, ब्राझील ०. स्कोअर शेवटपर्यंत तोच राहिला.

रिप्लेमध्ये दिसलं की किक मारली जाताना रॉबेर्तो कार्लोस बॉक्सच्या कडेला वाकून उभा होता, हात गुडघ्यापाशी. मोजे वर ओढत होता म्हणे. काका ओरडले, "सोडला की रं त्येनं ऑन्रीला!" सकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवर हाच निकाल. शाळेतही हाच. पुढे कळलं की अख्ख्या ब्राझीलमध्येही हाच निकाल लागला होता. त्या वर्ल्ड कपनंतर रॉबेर्तो कार्लोस देशासाठी खेळायचा थांबला. ऑन्रीला मार्क करणं माझं काम नव्हतंच, हे तो नंतर सांगत राहिला. कोणी फारसं ऐकलं नाही. मीही नाही.

मग गेल्या वर्षी आमच्या ऑफिसमध्ये एक रात्र आली.

रात्री अकराच्या सुमारास पेमेंटचं पान बंद पडलं. चाळीस मिनिटं. कारण सापडलं ते एका ओळीत. ती ओळ आमच्या टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलाने लिहिलेली. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "हे कोणी केलं?" स्क्रीनवर त्याचं नाव होतंच. तो खाली बघत म्हणाला, "मी."

त्या ओळीखाली ती तपासणाऱ्या दोघांची नावंही होती. त्यातलं एक माझं. टपरीवर चहाचा ग्लास एका हातात धरून, दुसऱ्या हाताने मोबाइलवर मी 'अप्रूव्ह' दाबलं होतं. वाचलं नव्हतं. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो.

त्या रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर ती जुनी क्लिप लावली. या वेळी ठरवून रॉबेर्तो कार्लोसकडे बघायचं नाही असं केलं. त्याच्यावर अंगठा ठेवला आणि बाकीचे काय करतात ते बघितलं.

तुम्हीही करून बघा. वेगळीच मॅच दिसते.

चालू खेळात डिफेन्डरला विचार करायला अर्धा सेकंद मिळतो. सेट पीसचं तसं नसतं. बॉल थांबलेला असतो, शिट्टी वाजायची असते, सगळ्यांकडे भरपूर वेळ असतो. म्हणूनच तिथे कामं आधीच वाटून दिलेली असतात. काही संघ माणसाला माणूस लावतात: हा तुझा, तो माझा. काही संघ जागा वाटून घेतात: पुढची पोस्ट तुझी, सहा यार्डांची रेघ माझी. बहुतेक जण दोन्हींचं मिश्रण करतात. बाजूच्या फ्री किकला वर ऑफसाइडची रेषाही धरायची असते. सगळ्यांनी एकाच वेळी मागे जायचं, एकाच वेळी थांबायचं. कॉर्नरला तर थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतोच, त्यामुळे तोही आधार जातो.

आता घोळ इथे आहे. जागा वाटल्या की दोन जागांच्या मधली फट कोणाचीच नसते. माणसं वाटली की समोरचे एकमेकांची वाट अडवतात आणि तुमचा माणूस गर्दीत हरवतो. ही फट भरते ती फक्त बोलण्याने. गोलकीपरला सगळं समोर दिसतं, त्याने ओरडायचं. शेजारच्याने हात लावून सांगायचं, "मागे बघ." माणूस सुटला की ज्याला दिसला त्याने धावायचं, तो कोणाच्याही वाट्याचा असो.

रॉबेर्तो कार्लोसची उंची १.६८ मीटर. ऑन्रीची १.८८. हवेतून येणाऱ्या बॉलवर ही जोडी कुठला शहाणा कोच लावेल? म्हणजे ऑन्री दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असणार, किंवा कोणाच्याच नसणार. तो मागून धावत आला तेव्हा एकही पिवळा शर्ट त्याच्या मागे वळला नाही. ब्राझीलने त्या स्पर्धेत तोवर चार मॅचमध्ये एकच गोल खाल्ला होता. अशा बचावाला एवढा मोठा माणूस दिसला नाही. प्रत्येकाला वाटलं असेल, त्याला कोणीतरी घेतलंय.

मला वाटलं होतं, दुसऱ्याने वाचलं असेल. दुसऱ्याला वाटलं, मी वाचलं असेन.

रॉबेर्तो कार्लोस निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. किक मारली जात असताना वाकून उभं राहणं चूकच. ऑन्री त्याचा नसला तरी तो ओरडू शकला असता. त्याचा वाटा आहे. पण वाटा म्हणजे सातबारा नव्हे.

मग मी मागचे-पुढचे वर्ल्ड कप काढून बसलो. ब्राझील बाहेर कसा पडला एवढंच बघायचं होतं.

१९९८, पॅरिसजवळ सां-दनीमध्ये फायनल. झिदानने २७ व्या मिनिटाला आणि हाफ टाइमच्या तोंडावर दोन हेडर मारले. दोन्ही कॉर्नरवरून, एक उजव्या बाजूचा, एक डाव्या. एकाच चुकीची दोनदा परीक्षा झाली आणि ब्राझील दोनदा नापास. पण चर्चा कशाची झाली? मॅचच्या दिवशी रोनाल्डोला आलेल्या झटक्याची. तो गोल अडवायला नव्हताच.

२०१०, पोर्ट एलिझाबेथ, नेदरलँड्स. फ्री किक छोटी घेऊन स्नायडरने बॉल बॉक्समध्ये टाकला. गोलकीपर ज्युलियो सेझार आणि फेलिपे मेलो एकमेकांच्या वाटेत आले आणि बॉल जाळ्यात. दोघांमध्ये "माझा" असा एक शब्द हवा होता. मग ६८ व्या मिनिटाला कॉर्नर, पुढच्या पोस्टपाशी काउटचा हलका स्पर्श आणि १.७० मीटरच्या स्नायडरचं हेडर. पुढे मेलोला रेड कार्ड मिळालं आणि सगळा राग त्याच्यावर निघाला. ब्राझीलच्या एकमेव गोलचा सुंदर पासही त्याचाच होता, हे कोणाला आठवतं?

२०१४, बेलो ओरिझोंची, ७-१. त्या सातातला पहिला ११ व्या मिनिटाचा: क्रोसचा कॉर्नर, आणि म्युलर अगदी मोकळा. त्याच्या मागे जाणारा दाविद लुईस गर्दीत अडकला. बाकीच्या सहा गोलांची कारणं वेगळी, पण दार त्या कॉर्नरनेच उघडलं.

२०१८, कझान, बेल्जियम. १३ व्या मिनिटाला कॉर्नर. पुढच्या पोस्टपाशी कोंपनी उडी मारतो आणि बॉल फर्नांदिन्योच्या अंगाला लागून स्वतःच्याच गोलमध्ये. कासेमिरो निलंबित होता म्हणून फर्नांदिन्यो खेळत होता. नंतर सोशल मीडियावर त्याला वर्णावरून घाणेरड्या शिव्या मिळाल्या.

हिशोब असा. पाच पराभव, आणि पाचही वेळा कोच वेगळा: झागालो, परेरा, डुंगा, स्कोलारी, तिते. खेळाडूही बहुतेक वेगळे. गोलची जात एकच. सेट पीसवर सगळेच संघ गोल खातात, हे खरं. २०१८ मध्ये इंग्लंडने पेनल्टी धरून १२ पैकी ९ गोल असेच केले. पण पाच वेळा तीच फट दिसल्यावरही दर वेळी फटीऐवजी चेहरा शोधला गेला. चेहऱ्याला शिक्षा देता येते, फटीला देता येत नाही. आणि शिक्षा झाली की काम संपलं असं वाटतं.

या शिक्षेची सगळ्यांत मोठी गोष्ट सेट पीसची नाही. १६ जुलै १९५०, माराकाना. उरुग्वेच्या गिगियाने ७९ व्या मिनिटाला गोल केला. दोष आला गोलकीपर बार्बोसावर, आणि त्याच्यासोबत बिगोदी आणि जुवेनालवर. तिघेही कृष्णवर्णीय. हा योगायोग नव्हता. ब्राझीलमध्ये सगळ्यांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आणि आपण पन्नास वर्षं भोगतोय, असं बार्बोसा म्हातारपणी म्हणायचा. २००० साली तो गेला. पुढे त्याच्यानंतरचा ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलकीपर म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो दिदा. फ्रँकफुर्टला, त्या ५७ व्या मिनिटाला, गोलमध्ये तोच उभा होता.

पहाटे चार वाजता मी टीमला मेल लिहिला. त्या बदलाला मंजुरी मी दिली होती, न वाचता दिली होती, असा. आता आमच्याकडे दोघांपैकी एकाचं नाव आधी ठरतं आणि त्याने काय तपासलं ते दोन ओळींत लिहावं लागतं. फट थोडी भरली.

त्या मुलाचं उत्तर आलं, "काही नाही दादा, चालतं." दोन महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. कारण विचारायचं धाडस मला झालं नाही. मीटिंगमधली ती दहा सेकंदं मेलने भरून निघत नाहीत.

गणपतीत कोल्हापूरला गेलो तेव्हा काकांना क्लिप दाखवली. अंगठा ठेवून. त्यांनी दोनदा बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "लेका, ह्यात तर कुणीच हललं न्हाई."

मग थोड्या वेळाने, "तरी पण मोजं नंतर वडायचं हुतं त्येनं."

बरोबर आहे. तेही बरोबर आहे.