मुळांवरच्या गाठींची गोष्ट

तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या रानात पुढचं पीक जोमानं येतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला शब्दही आहे: बेवड. पण असं का होतं, हे कोडं सुटायला १८८६ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी जर्मनीत हेलरिगेल यांनी दाखवून दिलं, की शेंगवर्गीय पिकांना हवेतलं नत्र मिळतं ते मुळांवरच्या गाठींमुळे. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतले जिवाणू वेगळे काढले. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी 'नायट्राजिन' या जिवाणू खताचं पेटंट घेतलं. म्हणजे बघा, कृत्रिम अमोनियाचा पहिला मोठा कारखाना १९१३ चा; जिवाणू खत त्याहून वयानं मोठं!

मग बाजी कारखान्यानं का मारली? गोणी फोडून खत फेकलं, की पीक चार दिवसांत हिरवंगार. जिवाणूंचं तसं नाही. ते जिवंत असतात, उन्हानं मरतात, आणि सोयाबीनचे हरभऱ्याला चालत नाहीत.

तरीही ब्राझीलनं हा रस्ता सोडला नाही. योहाना डोबेराइनर या बाईंनी साठच्या दशकात आग्रह धरला, की सोयाबीनचं नत्र जिवाणूंकडूनच घ्यायचं. त्याच वाटेनं पुढे गेलेल्या मारिआंजेला हुंग्रिया यांना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला, तोही आमच्या आयोवातल्या डि मॉइनमध्ये. इथे आजूबाजूला नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, त्यामुळे त्या बातमीचं मला विशेष कौतुक वाटलं.

लातूरकडे शेती करणारा माझा धाकटा भाऊ फोनवर विचारतो, "दादा, त्या पाकिटाचा खरंच उपयोग होतो का रे?" प्रश्न रास्त आहे. सोयाबीनचा भाव पडला, की खतावर गेलेला एकेक रुपया टोचतो. मी त्याला सांगतो: पाकिटावरची तारीख बघ, दुकानात उन्हात पडलेलं घेऊ नकोस. बुरशीनाशक आधी लाव, जिवाणू शेवटी. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळ, सावलीत सुकव आणि लगेच पेर. कापसाला, उसाला मात्र हे पाकीट उपयोगाचं नाही. त्यांच्या मुळांवर गाठीच येत नाहीत.

आणि महिन्या-दीड महिन्यानं एक रोप हलकेच उपटून गाठ नखानं फोड. आतून लालसर गुलाबी निघाली, तर समज, बिनपगारी गडी कामावर आहेत.